'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' : 'हॅव' पुन्हा पुन्हा कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

अमळनेरला मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. पारोळा, धरणगाव, चोपडा अशा आजूबाजूच्या गावांतून मुलं-मुली एसटीने येतात. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगते. वह्या गोळा केल्या की ही तीन वाक्यं हमखास भेटतात:

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.'
'माय फादर हॅव फाइव्ह एकर्स ऑफ लँड.'
'येस्टरडे आय हॅड गॉन टू जळगाव.'

तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे आणि तिन्ही चुका वेगवेगळ्या आहेत. चूक दाखवली की मुलं लगेच दुरुस्त करतात, आणि आठवड्याने त्याच वहीत तीच चूक पुन्हा येते. बरीच वर्षं मला वाटायचं की सराव कमी पडतोय. आता माझं मत वेगळं आहे. सराव भरपूर होतो, पण चुकीचं मूळ मराठीत आहे आणि तिकडे कोणी पाहत नाही. म्हणून ही सगळी दुरुस्ती मी मराठीकडून सांगणार आहे. ज्यांना इंटरव्ह्यू द्यायचाय, अर्ज लिहायचाय, व्यापाऱ्याला मेसेज टाकायचाय, त्यांनी आपली चूक कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखावं.

मुळात बिघाड कुठे आहे

मराठीत 'हॅव'ला क्रियापदच नाही. आपण सगळा कारभार 'आहे'वर चालवतो, आणि मालकी कोणाची हे सांगायला त्या माणसाच्या नावाला प्रत्यय लावतो. नातं असेल तर 'मला दोन भाऊ आहेत'. वस्तू असेल तर 'माझ्याकडे मोटारसायकल आहे'. जमीन असेल तर 'आमची पाच एकर केळी आहे'. गुण असेल तर 'त्याच्यात दम आहे'. विहिरीबद्दल बोलायचं तर 'विहिरीला पाणी आहे'. आणि हे प्रत्यय आपण कधी चुकत नाही. 'माझ्याकडे भाऊ आहे' असं कोणी म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळतं की भाऊ सध्या मुक्कामाला आलाय. इतका बारीक फरक आपण न शिकता पाळतो.

अहिराणीतही हीच तऱ्हा. 'माले भाऊ शे' आणि 'मनाजोडे गाडी शे'. नंदुरबारच्या पलीकडे गुजरातीत गेलात तर 'मारे भाई छे' आणि 'मारी पासे गाडी छे'. हिंदीत 'मेरे पास'. रशियनमध्ये आजही 'माझ्यापाशी आहे' अशीच रचना चालते, आणि लॅटिनमध्ये 'मिही एस्ट', म्हणजे 'मला आहे', असं म्हणायची रीत होती. तेव्हा आपली भाषा काही अपुरी नाही. जगातल्या कितीतरी भाषा मालकी अशीच सांगतात.

इंग्रजीने मात्र यासाठी एक वेगळं क्रियापद ठेवलं. भाऊ, गाडी, जमीन, दम, पाणी, ताप, वेळ, शंका, या सगळ्यांना एकच 'हॅव'. आणि मालकाला वाक्याच्या सुरुवातीला नेऊन कर्ता केलं. 'मला' चा 'आय' झाला, 'विहिरीला' चं 'द वेल' झालं: 'द वेल हॅज वॉटर.' आपल्या वाक्यात पाणी कर्ता आहे, त्यांच्या वाक्यात विहीर. ही जी उलटापालट आहे, तिच्यातून पुढच्या चुका निघतात.

'माय फादर हॅव' : क्रियापद कोणाच्या मागे जातं

ही चूक मला फार दिवस कळत नव्हती, कारण ज्या मुलीने 'माय फादर हॅव फाइव्ह एकर्स' लिहिलं होतं, तिनेच दोन ओळी खाली 'माय मदर हॅज अ स्यूइंग मशीन' बरोबर लिहिलं होतं. नियम तिला येत होता. मग मी तिला दोन्ही वाक्यं मराठीत म्हणायला लावली. 'वडिलांची पाच एकर जमीन आहे.' 'आईकडे शिलाई मशीन आहे.' तिला विचारलं, पहिल्यात 'हॅव' का लिहिलंस? ती म्हणाली, "ताई, पाच आहेत ना, म्हणून."

तिथे मला बिघाड सापडला. मराठीत 'आहे' आणि 'आहेत' ठरतं ते जवळ असलेल्या वस्तूवरून. 'त्याला एक भाऊ आहे', 'त्याला दोन भाऊ आहेत'. मालक तोच एकटा, पण भाऊ दोन झाले की क्रियापद बदललं. आपल्या कानाला ही सवय लहानपणापासून लागलेली. म्हणून इंग्रजी लिहितानाही नजर वस्तूकडे जाते: दोन भाऊ दिसले की 'हॅव', एक मशीन दिसलं की 'हॅज'. उलट बाजूनेही हेच होतं: 'दे हॅज वन ट्रॅक्टर', कारण ट्रॅक्टर एक.

दुरुस्ती अशी. 'हॅव' लिहायच्या आधी वस्तूवर बोट ठेवा आणि ती झाका. खरंच बोटाने झाका. 'ही … फाइव्ह एकर्स' मधले पाच एकर झाकले की उरतो 'ही'. एकटा, तिसरा माणूस. मग 'हॅज'. 'दे … वन ट्रॅक्टर' मधला ट्रॅक्टर झाकला की उरतात 'दे'. मग 'हॅव'. 'आय' आणि 'यू' एकटे असले तरी त्यांना 'हॅव'च, एवढं मात्र पाठ करावं लागतं. बोट ठेवायची ही सवय पंधरा दिवस लावली की ती चूक जाते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

याच जातीची एक छोटी चूक प्रश्नात होते: 'डज ही हॅज अ लायसन्स?' 'हॅज'मधला 'ज' हा तिसऱ्या एकट्या माणसाची खूण आहे. ती खूण वाक्यात एकदाच लागते. 'डू'ने ती उचलून 'डज' झाला, की 'हॅव' जसाच्या तसा राहतो: 'डज ही हॅव अ लायसन्स?' नकारातही तसंच, 'ही डजन्ट हॅव'.

'आय ॲम हॅविंग' : उरकतं का ते बघा

आता सगळ्यात गाजलेली चूक. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्सपीरियन्स', 'आय ॲम हॅविंग अ डाउट'. ही फक्त खान्देशात होते असं नाही, देशभर ऐकू येते. कारण साधं आहे: 'मला भाऊ आहेत' यातला 'आहेत' आपल्याला 'आर'सारखा वाटतो, आणि तो कुठेतरी बसवायचा म्हणून 'ॲम' येतो. 'ॲम' आला की त्याच्या मागून 'हॅविंग' येणारच.

शाळेत यावर एक नियम सांगतात: 'हॅव'ला 'आयएनजी' लागत नाही. हा नियम अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या नियमाने जास्त नुकसान होतं. माझ्या वर्गातला एक मुलगा इतका घाबरला होता की त्याला कंपनीतून फोन आला, समोरच्याने विचारलं, आता बोलू शकता का, तर तो म्हणाला, 'सर, आय हॅव लंच.' त्याला सांगायचं होतं, जेवतोय. समोरच्याला ऐकू आलं, माझ्याकडे जेवणाचा डबा आहे. तिथे 'आय ॲम हॅविंग लंच' हेच बरोबर होतं.

म्हणून मी वर्गात वेगळी कसोटी देते. मराठीत 'उरकणे' हे फार उपयोगी क्रियापद आहे. जी गोष्ट सुरू होते आणि संपवता येते, ती उरकते. ज्याच्याबद्दल बोलताय ते उरकतं का, हे स्वतःला विचारा. जेवण उरकतं. चहा उरकतो. अंघोळ उरकते. मीटिंग उरकते. साखरपुडा उरकतो. या सगळ्यांना 'हॅविंग' चालतं: 'वी आर हॅविंग अ मीटिंग', 'शी इज हॅविंग अ बाथ'. भाऊ उरकत नाही. जमीन उरकत नाही. अनुभव उरकत नाही. शंका फिटते, पण उरकत नाही. ताप उतरतो, उरकत नाही. या सगळ्यांना साधं 'हॅव': 'आय हॅव अ डाउट', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्सपीरियन्स'.

या कसोटीला थोडे अपवाद आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. अडचण उरकत नाही, तरी 'आय ॲम हॅविंग ट्रबल विथ माय फोन' बरोबर आहे, कारण त्रास या क्षणी चाललाय असं सांगायचं असतं. 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे तिला मूल आहे असं नाही, तिला मूल होणार आहे. मूल आधीच असेल तर 'शी हॅज अ बेबी'. हा फरक घरच्या माणसांबद्दल बोलताना सांभाळावा, नाहीतर समोरचा अभिनंदन करून बसतो.

याच 'उरकणे'वरून दोन 'हॅव' एकत्र येणारं वाक्यही सुटतं. 'हॅव यू हॅड लंच?' ऐकलं की मुलं गोंधळतात, दोनदा का? त्यातला पहिला 'हॅव' नुसता मदतनीस आहे, दुसरा 'हॅड' म्हणजे जेवण उरकलं. 'झालं का जेवण?' एवढाच प्रश्न. उत्तर, 'येस, आय हॅव.'

'येस्टरडे आय हॅड गॉन' : 'होतो'चा सापळा

माझ्या मते मराठी माणसाची सगळ्यात खोल रुतलेली चूक हीच, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. 'हॅविंग'ला लोक हसतात म्हणून ते सुधारतं. 'हॅड गॉन'ला कोणी हसत नाही, म्हणून ते पदवीपर्यंत, नोकरीपर्यंत तसंच राहतं.

आपण म्हणतो, 'काल मी जळगावला गेलो होतो.' या 'होतो'त बरंच काही आहे: गेलो, काम झालं, परत आलो, आता तो विषय संपला. नुसतं 'काल मी जळगावला गेलो' म्हटलं की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, मग काय झालं? मराठीचं हे सौंदर्य आहे. पण इंग्रजीत 'वेंट' हा शब्द एकटाच पुरतो. 'येस्टरडे आय वेंट टू जळगाव.' परत आलात की नाही ते ऐकणारा समजून घेतो. त्या 'होतो'चं भाषांतर म्हणून 'हॅड' लावला की इंग्रजी ऐकणारा वाट बघत बसतो: हा आधी गेला होता, म्हणजे कशाच्या आधी? आणि ते 'कशाच्या आधी' आपण सांगतच नाही.

'हॅड' कधी लागतो ते भुसावळ स्टेशनवर नीट कळतं. 'मी भुसावळला पोचलो तोवर गाडी सुटली होती.' इथे भूतकाळातल्या दोन गोष्टी आहेत, पोचणं आणि सुटणं. सुटणं आधीचं. ते आधीचं आहे हे दाखवायलाच 'हॅड': 'व्हेन आय रीच्ड भुसावळ, द ट्रेन हॅड लेफ्ट.' इथे 'हॅड' काढून 'द ट्रेन लेफ्ट' केलं तर अर्थ असा होतो की मी पोचलो आणि मग गाडी सुटली. एका शब्दावर गाडी मिळाली की चुकली ते ठरतं.

तर तपासणी अशी: 'हॅड' लिहिलात की वाक्यात दुसरी भूतकाळी घटना शोधा. सापडली नाही तर 'हॅड' खोडा आणि क्रियापदाचं साधं भूतकाळी रूप लिहा. 'आय हॅड सबमिटेड द फॉर्म लास्ट वीक' यात दुसरी घटना नाही. 'आय सबमिटेड द फॉर्म लास्ट वीक' एवढंच. विद्यापीठाला, बँकेला लिहिलेल्या दहा अर्जांपैकी बऱ्याच अर्जांत नेमकी हीच ओळ खोडावी लागते.

'आलोय', 'केलंय' यांचंही जवळपास असंच. 'मी काल आलोय' हे मराठीत सहज चालतं. 'आय हॅव कम येस्टरडे' चालत नाही. इंग्रजीत 'हॅव कम'च्या शेजारी 'येस्टरडे', 'लास्ट मंथ', 'इन 2019' असं संपून गेलेल्या वेळेचं नाव बसत नाही. वेळ सांगायची तर 'केम', 'हॅव' ठेवायचा तर वेळ गाळा.

काम कोणी केलं

इथे थोडक्यात. 'मी मोटर भरून आणली', म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटर दुकानात नेऊन वाइंडिंग करून घेतली. मुलं लिहितात, 'आय रीवाउंड द मोटर.' याचा अर्थ तारा मी स्वतः गुंडाळल्या. करून 'घेतलं' असेल तर 'हॅड' आणि वस्तू मध्ये: 'आय हॅड द मोटर रीवाउंड.' केस कापून आलो, 'आय हॅड माय हेअर कट.' 'आय कट माय हेअर' म्हणजे आरशासमोर उभं राहून कात्री हातात घेतली. मराठीत 'करून घेतलं', 'करून आणलं', 'कापून आलो' असं काही तोंडात आलं की ही रचना आठवायची. तिचा सराव फार लागत नाही, एकदा कळली की बसते.

'आय हॅव टू' : पाहिजे की पडतं

हे शेवटी घेते, कारण यात पैशाचा प्रश्न आला होता.

वर्गात वयाने मोठे असे एक आप्पा येतात, रावेरकडचे. केळीवाले. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हापासून थेट बाहेरच्या खरेदीदाराशी बोलावं असं त्यांच्या मनात आहे, म्हणून या वयात इंग्रजी. त्यांनी एका खरेदीदाराला पाठवायचा मेसेज मला दाखवायला आणला. पहिल्या ओळीत 'वी आर हॅविंग' होतं, ते त्यांनी स्वतःच 'उरकत नाही' म्हणून खोडलं. दुसऱ्या ओळीत 'आय हॅड टेस्टेड द सॉइल' होतं. माती त्यांनी प्रयोगशाळेत तपासून घेतली होती, म्हणून ते आम्ही 'वी हॅड द सॉइल टेस्टेड' केलं. तिसरी ओळ अशी होती: 'वी हॅव टू सेल अवर बनानाज धिस मंथ.'

मी विचारलं, "आप्पा, मराठीत काय म्हणायचं होतं?"

"या महिन्यात केळी विकायची आहेत."

'विकायची आहेत' आणि 'विकावी लागतील' यात किती अंतर आहे हे मराठीत त्यांना सांगायची गरज नाही. पण इंग्रजीत दोन्हीला त्यांनी 'हॅव टू' लावलं होतं, कारण 'जायचं आहे', 'करायचं आहे' यातला 'आहे' पुन्हा 'हॅव'सारखा वाटतो. 'हॅव टू' म्हणजे लागतं, भाग आहे, गत्यंतर नाही. केळीचा माल तयार झाला की थांबत नाही, हे खरेदीदाराला ठाऊक असतं. त्याला जर शेतकऱ्यानेच लिहून दिलं की आम्हाला विकावीच लागणार आहे, तर तो भाव पाडून मागणार.

हीच चूक इंटरव्ह्यूतही होते. 'तुमच्या कंपनीत काम करायचंय' याचं 'आय हॅव टू वर्क इन युवर कंपनी' केलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, हा नाइलाजाने आलाय. मुलगा किंवा मुलगी अगदी मनापासून बोलत असते आणि अर्थ बरोबर उलटा पोचतो. हे पाहून मला फार वाईट वाटतं. इच्छा असेल तर 'आय वॉन्ट टू' किंवा जरा आदराने 'आय वुड लाइक टू'. आधीच ठरलेलं असेल तर 'आय ॲम गोइंग टू'. सक्ती असेल तरच 'हॅव टू'. तपासायला 'लागतं' हा शब्द घालून बघा. 'मला शिकायचंय' ऐवजी 'मला शिकावं लागतं' म्हटल्यावर अर्थ बदलला, तर 'हॅव टू' नको.

आप्पांना मी हे सांगत होते तेव्हा ते क्षणभर थांबले आणि अहिराणीत म्हणाले, "म्हंजे 'जानं शे' आन 'जानं पडी'." जायचं आहे आणि जावं लागेल. इतक्या कमी शब्दांत मला ते आजवर कोणाला सांगता आलं नव्हतं. आता वर्गातल्या फळ्यावर डाव्या बाजूला 'जानं शे : वॉन्ट टू' आणि उजव्या बाजूला 'जानं पडी : हॅव टू' असं लिहिलेलं आहे, आणि ते मी पुसू देत नाही.

मेसेजची तिसरी ओळ आप्पांनी स्वतः बदलली: 'अवर बनानाज विल बी रेडी धिस मंथ. वी वुड लाइक टू नो युवर रेट.' मग माझ्याकडून शब्दांचं स्पेलिंग तपासून घेतलं, चष्मा पुसला आणि पाठवला.